जागेवर उभे असलेले एक तरी शिल्प

दगडातून शिल्प काढताना शिल्पापेक्षा कपच्यांचा ढीगच मोठा होतो, हे महाविद्यालयात कोणी शिकवत नाही. शिल्प गिऱ्हाईक घेऊन जाते, कपच्या आपल्या दारात राहतात. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या शेडमागे असा एक ढीग आहे. दुसरा ढीग शेडच्या आत, चहाच्या वेळी साचतो. आम्ही उघड्यावर उभ्या केलेल्या शिल्पांचे पुढे काय झाले, याच्या हकिकतींचा तो ढीग. पहिला निदान भरावासाठी कोणी मागून नेतो. दुसऱ्याला मागणी नाही, म्हणून तो इथे ओतते आहे.

माणसे मोजकीच आहेत. सुहास आणि मी शिल्पकलेच्या पदव्युत्तर वर्गात एकत्र होतो. धातूचे काम तो पाहतो, दगडाचे मी. सुहास आशावादी आहे. हा त्याचा दोष मी विद्यार्थिदशेपासून सहन करत आले आहे. दगड घडवायला मैंदर्गीचे महादेवप्पा. ते कानडीत चिडतात आणि मराठीत समजूत घालतात. वेल्डिंगला इरफान. आमचे एकही शिल्प त्याला आजवर आवडलेले नाही, आणि हे त्याने कधी लपवलेलेही नाही.

आमचा नियम एकच होता. शिल्पाने जागेशी भांडायचे नाही. सोलापूरचा निसर्ग म्हणजे दऱ्या आणि धबधबे नव्हेत. काळी माती, बाभळी, लिंब, क्षितिजापर्यंत सपाट पसरलेले शिवार आणि त्यावर दिवसभर उभे असलेले ऊन, एवढेच इथे आहे. अशा जागी उंच आणि चकचकीत काही ठोकले की ते जखमेसारखे दिसते. म्हणून इथलाच काळा दगड घ्यायचा, गंजून मुरमाच्या रंगाला येणारे लोखंड घ्यायचे, आणि वाऱ्याला व उन्हाला त्यात वाट ठेवायची.

अपेक्षाही एकच होती. आपण केलेले एक तरी शिल्प जिथे ठेवले तिथे, जसे ठेवले तसे उभे राहावे. ही अपेक्षा फार मोठी आहे, हे कळायला मला फार वेळ लागला.

* * *

पहिले काम एका तलावाकाठच्या बागेचे. पाण्याकडे किंचित झुकलेल्या काळ्या दगडाच्या तीन शिळा. त्यांच्यावरचे छिन्नीचे घाव आम्ही मुद्दाम राखले होते. संध्याकाळचे तिरपे ऊन त्या घावांत अडकायचे आणि दगड आतून श्वास घेतल्यासारखा दिसायचा. उन्हाची ती दिशा पकडण्यासाठी मी एक अख्खा हिवाळा त्या काठावर बसून काढला होता.

पुढच्या वर्षी एका पाहुण्याला दाखवायला घेऊन गेले. शिळा लांबूनच चमकत होत्या. जवळ गेले तर काळ्या ऑइल पेंटचा दणदणीत हात! छिन्नीचे घाव रंगाने बुजलेले.

बागेचे मुकादम कौतुकाची वाट पाहत शेजारी उभे होते.

"लई धूळ बसायची मॅडम. पार पांढरट दिसायला लागले होते दगड. साहेब लोकांची व्हिजिट होती, म्हणून मारून घेतला. बघा की, आता कसं अस्सल काळ्या दगडावानी दिसतंय!"

मी म्हटले, "अहो, तो अस्सल काळा दगडच होता."

"व्हय," मुकादम शांतपणे म्हणाले, "पण दिसत न्हवता की!"

शेडवर परत येऊन सांगितले, तेव्हा महादेवप्पांनी मान डोलावली. "मी पहिल्याच दिवशी म्हटलो होतो, अक्का."

"काय म्हटला होतात?"

"हेच की."

ते असे काहीही म्हणाले नव्हते. पुढेही, एक सोडून प्रत्येक अनर्थानंतर ते हेच वाक्य म्हणाले, आणि त्याआधी एकदाही काही बोलले नव्हते.

* * *

दुसरे काम विजापूर रस्त्यावरच्या एका सोसायटीचे. दोन विंगांच्या मधोमध अंगण, आणि त्या अंगणातून आभाळ जेमतेम चिंचोळे दिसायचे. सुहासने स्टेनलेस स्टीलची एक मोठी, किंचित खोलगट तबकडी कल्पिली. काळ्या दगडाच्या बैठकीवर ती तिरकी बसवायची, म्हणजे आभाळ अंगणात उतरेल. कल्पना सुंदर होती, हे मी आजही मान्य करते. सुहासने आभाळाचा अभ्यास अगदी काटेकोर केला होता. त्या आभाळात सूर्यही असतो, एवढेच त्याच्या लक्षात राहिले नव्हते.

मार्चमध्ये ए-विंगसमोर उभ्या असलेल्या एका स्कूटरचे सीट मऊ पडले. एप्रिलमध्ये सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, तुमच्या वस्तूवरून मीटिंग बोलावली आहे. वातावरण तापलंय."

आम्ही मनाची तयारी करूनच गेलो. तबकडी काढून न्या म्हणतील, आपण पॉलिश उतरवून देऊ म्हणू, असे सगळे मोटारीतच ठरले होते.

मीटिंगमध्ये बी-विंगच्या बायका आक्रमक होत्या. त्यांचे म्हणणे असे की ए-विंगच्या कुरडया आणि सांडगे सकाळी घातले की दुपारी कडक वाळतात, आणि आमच्या मात्र दोन-दोन दिवस ओल्या राहतात. मेंटेनन्स सगळे सारखाच भरतात! मग हे ऊन फक्त ए-विंगला का?

सुहास उभा राहून म्हणाला, "ही कलाकृती आहे. ती उन्हासाठी नाही, आभाळासाठी आहे."

"मग आभाळ तेवढं तुम्ही घ्या," एक काकू म्हणाल्या, "आणि ऊन आमच्याकडं वळवा."

शेवटी ठराव झाला आणि तबकडीला चाके लावली गेली. आता ती ठरलेल्या वारी ठरलेल्या विंगसमोर ढकलत नेतात. दगडाची बैठक रिकामी आहे आणि तिच्यावर मसाला कुटतात.

चाके बसवायला इरफानलाच बोलावले होते. परत आला तो पहिल्यांदाच खुशीत. "मॅडम, इत्ते दिनों में पैली बार कुच काम की चीज बनाए अपन!"

* * *

लोखंडाला मुद्दाम गंज चढू द्यायचा, ही गोष्ट समजावून सांगणे हे आमच्या व्यवसायातले सर्वांत खडतर काम आहे. ठरावीक प्रकारच्या पोलादावर गंजाचा एक थर बसतो आणि तोच थर आतल्या पोलादाला राखतो. रंग लावायला नको, आणि मुरमाड माळावर ते मातीतूनच वर आल्यासारखे दिसते. हे मी सभ्य भाषेत, आकृत्यांसह, अनेकांना समजावले आहे.

एका कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनाही समजावले होते. फाटकासमोरच्या माळरानावर त्यांना काही भव्य हवे होते. आम्ही भव्य टाळून माळाच्या चढाला समांतर जाणारी एक लांब, बुटकी पोलादी लाट केली. ट्रक फाटकाशी पोचला. चेअरमन बाहेर आले, लाटेवरून बोट फिरवले आणि तांबडे झालेले बोट सगळ्यांना दाखवले.

"गंजका माल आणलाय की ओ!"

सुहासने तासभर समजावले. चेअरमननी खरोखर लक्ष देऊन ऐकले. मधे दोनदा प्रश्नही विचारले, आणि प्रश्न चांगले होते. मला वाटले, जमले. शेवटी त्यांनी विचारले, "म्हणजे कांबळे सर, गंजलेलं लोखंड माळावर मांडलं, तर ती कला?"

"जागेचा विचार करून मांडलं, तर," सुहास म्हणाला.

"झालं तर मग! आमच्या मागच्या यार्डात दहा पिढ्यांना पुरंल एवढी कला पडलीया. ही तुमची घेऊन जावा."

आम्ही लाट परत आणली. काही महिन्यांनी निमंत्रणपत्रिका आली. फाटकासमोरच्या माळावर भंगारातले दोन बॉयलर आणि एक मोडकी क्रेन मांडली होती. खाली संगमरवरी पाटीवर "संकल्पना : मा. चेअरमनसाहेब" असे कोरले होते. पत्रिकेत प्रमुख पाहुणे म्हणून सुहास कांबळे यांचे नाव होते.

तो गेला! शाल-श्रीफळ घेऊन आला. वर मला म्हणाला, "खरं सांगू मीनल? क्रेन वाईट दिसत नाही."

* * *

दुधनीजवळ महादेवप्पांच्या नात्यातले एक शेतकरी आहेत, शिवप्पा. त्यांच्या विहिरीशेजारच्या मोकळ्या तुकड्यावर मी सात दगडांची एक रचना केली. आजवरच्या कामांत मला सर्वांत जवळचे ते हेच. दगड गुडघ्याएवढेच. प्रत्येकाची उंची वेगळी आणि दोघांमधले अंतर वेगळे. एक जरी हलला असता तरी उरलेल्यांचा तोल गेला असता. सहा करून पाहिले होते, आठ करून पाहिले होते. सातावर माझे मन थांबले.

त्या भागात मार्गशीर्षातली अमावस्या शेतात साजरी होते. सगळे घर शेतावर जाते. कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पूजतात, आणि मग येईल त्याला भज्जी-भाकरी आणि आंबील. मला बोलावणे आले. मी गेले.

"बर्री अक्का, बर्री!" या, या, अशी शिवप्पांनी लांबूनच कानडीत हाक दिली. "तुमचंच ताट वाढायचं थांबलंय!"

खोपीत माझे पाच दगड, पांढरेशुभ्र, हळदकुंकू ल्यालेले, ओळीने बसलेले होते. ओळीने! आणि उंचीप्रमाणे!

मी ताटावर बसले आणि दगड पुन्हा मोजले. शेवटी विचारले, "शिवप्पा, हे सात होते."

"व्हय. पण पांडव पाचच असत्यात की."

"मग बाकीचे दोन?"

त्यांनी विहिरीकडे बोट दाखवले. उरलेल्या दोन दगडांवर घरातल्या बायका पिळे आपटून धूत होत्या.

"लई गुळगुळीत घडवलेत, अक्का," शिवप्पांची बायको कौतुकाने म्हणाली. "लुगडं फाटत न्हाय."

मी महादेवप्पांकडे पाहिले. ते आंबील पीत होते. वाडगे खाली न ठेवताच म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी म्हटलो होतो, पाच करा."

* * *

एकदा चोरी झाली. गावाबाहेरच्या एका ओढ्याकाठी आम्ही लव्हाळ्यासारख्या बारीक पोलादी दांड्या रोवल्या होत्या आणि त्यांना तांब्याची पाती लावली होती. पावसापाण्याने ती पाती हळूहळू हिरवी होत जातील आणि कितीतरी वर्षांनी खऱ्या लव्हाळ्यांत मिसळून जातील, अशी योजना होती. ती हिरवी होण्याइतकी राहिलीच नाहीत. एका सकाळी सगळ्या दांड्या बोडक्या होत्या.

मी तक्रार नोंदवायला गेले. समोरचे हवालदार वयस्क आणि सज्जन होते. त्यांनी चहाही मागवला.

"काय गेलं म्हणालात?"

"शिल्प. म्हणजे शिल्पाचा तांब्याचा भाग."

"भांडी?"

"नाही. पाती."

"पंख्याची?"

"नाही हो. गवताची पाती. तांब्याची केलेली."

हवालदारांनी पेन खाली ठेवले. "बाई, वस्तूचा उपयोग लिहावा लागतो."

"ती पाहण्यासाठी असते."

"पाहून काय करायचं?"

यावर मी शिकलेले सर्व आठवून पाहिले. तीन-चार उत्तरे होती. त्यांतले एकही त्या टेबलावर टिकले नसते.

"मग 'उपयोग नाही' असं टाकतो."

माझा संयम सुटला. "उपयोग नसता, तर चोराने नेली असती का?"

हवालदारांनी विचार केला. मनापासून विचार केला. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. त्याला कळला असंल उपयोग. सापडला की त्यालाच इचारू, आणि मग लिहू!"

तो सापडला नाही. त्यामुळे ती जागा माझ्या माहितीप्रमाणे आजही कोरी आहे.

* * *

आता लिंबाचे सांगते. हे शेडमध्ये चहाच्या वेळी कोणी सांगत नाही, पण ते वगळले तर पुढचे कळणार नाही.

एका शिक्षणसंस्थेच्या आवारात जुना लिंब होता. चार माणसांच्या कवेत येणार नाही असा. त्याची सावली हेच तिथले खरे शिल्प आहे, असे मी संस्थेच्या अध्यक्षांना पहिल्याच भेटीत सांगितले. आपण फक्त तिला बसायला जागा करून देऊ. मग काळ्या दगडाची एक अर्धवर्तुळाकार बुटकी भिंत केली. भिंतीत अंतराअंतरावर खाचा ठेवल्या आणि खाचांत पातळ पोलादी पट्ट्या बसवल्या. वारा आला की फांद्यांतून गळणारे उन्हाचे कवडसे त्या पट्ट्यांवर धावायचे आणि दगडावर पाणी वाहिल्याचा भास व्हायचा. इरफानसुद्धा पहिल्या दिवशी बराच वेळ बघत उभा होता. नंतर म्हणाला, "बैठने कू अच्छा हे." त्याच्याकडून एवढे मिळणे म्हणजे पदकच.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही दहा मिनिटे आधी पोचलो. आवारात शिरताना मला वाटले, आपण रस्ता चुकलो. सगळीकडे लख्ख ऊन होते. मध्यभागी आमची भिंत, झेंडूच्या माळा घातलेली. मागे जमिनीला समतल कापलेला, अजून ओला असलेला बुंधा. त्याच्यावर सतरंजी अंथरून हार-तुरे ठेवले होते.

अध्यक्ष हात जोडून समोर आले. चेहरा प्रसन्न होता.

"कसं वाटतंय मॅडम? आता पूर्ण दिसतंय की नाही? झाडामुळं तुमचं काम पार झाकून जात होतं. म्हटलं, एवढ्या मोठ्या कलाकारांचं काम, असं आडोशाला नको!"

सुहास म्हणाला, "सर, ते काम झाडासाठी होतं."

"झाडं काय, आपण लावूच की," अध्यक्ष म्हणाले. "पावसाळ्यात शंभर लावायची आहेत. हरित परिसर योजना आहे आपली."

समारंभ झाला. भाषणांत निसर्ग हा शब्द कितीतरी वेळा आला. श्रोत्यांना ऊन सोसेना, म्हणून मधेच कापडी मांडव ओढून आणला आणि भिंतीवर धरला. परत निघताना अध्यक्षांनी माझा सल्ला मागितला. "मॅडम, भिंत दुपारी फार तापते. पोरं बसत नाहीत. वर पत्रा टाकू या का? हिरव्या रंगाचा?"

परतताना गाडीत महादेवप्पा नेहमीचे वाक्य म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते म्हणाले नाहीत. खिडकीबाहेर बघत कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

शेडवर आल्यावर मी सुहासला सांगितले, "आता आपले एकच काम बघायचे राहिले आहे. मंगळवेढ्याचे. तेही जागेवर नसेल, तर शेडला कुलूप. मी कुठेतरी शिकवेन. तू गेट-ग्रिल कर."

"आणि असलं तर?"

"नसणारच."

"पण असलं तर?"

आशावादी माणसाशी बोलताना अंत लागत नाही. मी म्हटले, "असलं, तर चालू ठेवू."

* * *

मंगळवेढ्याचे काम असे होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाला वडिलांची आठवण म्हणून त्यांच्याच शेतात काही उभारायचे होते. वडील, काशिनाथअण्णा, आयुष्यभर ज्वारीची राखण करत आले. कणसे भरली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे, आणि त्यांची आरोळी चार शिवारांपलीकडे ऐकू जायची. ते गेल्यावर माळा मोडला. आम्ही त्या माळ्याच्या जागी काळ्या दगडाचा चौथरा केला. त्यावर ज्वारीच्या ताटांएवढ्या उंच, लवचीक पोलादी सळया रोवल्या. प्रत्येकीच्या टोकाला गोफणीतल्या धोंड्याएवढा एकेक दगड बसवला. वारा सुटला की ज्वारी आणि सळया एकाच लयीत झुकायच्या.

शेतावर अण्णांच्या पत्नी राहतात, सुभद्राबाई. शिल्प बसवताना त्या बांधावर उभ्या राहून सगळे बघत होत्या. एकच प्रश्न त्यांनी विचारला होता. "हे वरडतं का?"

"नाही," मी म्हटले होते.

"बरं."

लिंबाच्या प्रकारानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याहून एका समीक्षकांचा फोन आला. देशातल्या उघड्यावरच्या शिल्पांवर ते एक ग्रंथ करत होते. अट एकच होती. शिल्प मूळ जागी, मूळ रूपात असले पाहिजे आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. सुहासने माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगून टाकले, "आहे! या!"

मी काशिनाथअण्णांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आहे मॅडम. आईने हातसुद्धा लावलेला नाही."

माघात समीक्षकांना घेऊन गेलो. ज्वारी डोक्याबरोबर आलेली, कणसे दुधातून दाण्यावर. मी पुढे चालत होते. बांधाचे वळण आले. समोर चौथरा होता. त्यावर सळया होत्या. सगळ्या! मी एकेक सांधा पाहिला, एकेक टोक पाहिले. एकही सळई वाकलेली नव्हती. रंग नव्हता, चुना नव्हता, पत्रा नव्हता. जिथे ठेवले तिथे, जसे ठेवले तसे.

आणि प्रत्येक सळईच्या टोकावर एकेक भोरडी बसली होती. वारा आला की पक्षी सळईबरोबर झुकायचा, शेजारच्या कणसावर चोच मारायचा आणि सळईबरोबर परत वर यायचा.

सुहासचे डोळे भरून आले. "मीनल, निसर्गानं स्वीकारलं."

"स्वीकारलं म्हंजी?" मागून सुभद्राबाई म्हणाल्या. "पंगत बसलीया बघा सकाळधरनं! आदी खाली-वर उडून खायला लागायचं त्यास्नी. आता पाटावर बसल्यात."

समीक्षक मात्र आमच्याजवळ नव्हते. ते चौथऱ्याला वळसा घालून पुढे ज्वारीत शिरले होते आणि एका जागी खिळून उभे होते. आम्ही मागोमाग गेलो. समोर बुजगावणे होते. तुटक्या कुळवाचे दांडके, आडवी काठी, वर पालथे मडके, अंगात मळका, काखेत उसवलेला शर्ट. एक हात खांद्याच्या वर गेलेला, दुसरा खाली.

"हे," समीक्षक हळू आवाजात म्हणाले, "हे तुमचं सर्वांत मोठं काम आहे. जागेशी भांडत नाही. भार नाही. वाऱ्याला वाट दिली आहे. आणि तो वर गेलेला हात!"

मी म्हटले, "ते आमचं नाही."

"मग कोणाचं?"

"माजं," सुभद्राबाई म्हणाल्या. "का वो?"

समीक्षकांनी वही काढली. "हा हात असा वर का ठेवलात?"

"गोफण फिरवताना त्यांचा असाच असायचा."

"आणि शर्ट?"

"त्यांचाच हाय. पयला एक घातला होता पेटीतला, धुतलेला. तर पाखरं त्याच्या खांद्यावर बसायला लागली. मग म्हटलं, बगू तरी. शेवटच्या दिवशी त्यांच्या अंगात होता, तो काडला मी. तो धुतला न्हवता."

वही तशीच उघडी राहिली. त्या बुजगावण्याभोवती ज्वारीचा मोठा गोल होता आणि त्यातले एकही कणीस टिपलेले नव्हते. मागे, आमच्या सळयांवरून भोरड्यांचा थवा उठला. शेतावर एक फेरी मारून शर्टाकडे आला, अलीकडेच वळला आणि परत आमच्या सळयांवर जाऊन बसला.

सुभद्राबाईंनी पदराने शर्टाच्या कॉलरवरचा ज्वारीचा कोंडा झटकला.

"त्यास्नी अजून भित्यात," त्या म्हणाल्या. "तुमच्याला न्हाय."